दोन स्कूटरी जातील एवढी जागा

निरीक्षकांच्या बायकोला काही मागायचं असलं की ती दुपारच्या चहाची वेळ निवडायची, आणि मागताना निरीक्षकांकडे न बघता कपात बघायची. त्यामुळे मागणी आपल्याकडे आहे की चहाकडे, हे ठरवण्यातच त्यांचा थोडा वेळ जायचा. त्या दिवशी ती कपाला म्हणाली, "चार दिवस समुद्रावर जाऊ या."

"कशाला?" निरीक्षकांनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

"मला एकदा तुमच्या शेजारून जायचंय."

ज्यांनी या दोघांना रस्त्यावर पाहिलेलं नाही, त्यांना हे वाक्य कळायचं नाही. दोघंही घराबाहेर बॅटरीच्या स्कूटरीवर फिरत. धूर सोडणारी स्कूटर नव्हे. चालणं जमत नाही अशांसाठी असते ती, चार लहान चाकं, हात असलेली खुर्ची आणि पुढे दांडा. निरीक्षकांची कंबर गेली होती, बायकोचे गुडघे. त्यांची स्कूटर राखाडी, तिची लाल. प्रत्येकीची रुंदी अठ्ठावन्न सेंटिमीटर. दोन्ही शेजारी-शेजारी चालवायच्या तर कोपरांसकट एक मीटर छत्तीस लागणार. एवढी मोकळी जागा इमारतीच्या फाटकात नव्हती, गल्लीत नव्हती, आणि फुटपाथवर जिथे होती तिथे मधोमध खांब होता. म्हणून निरीक्षक पुढे, बायको मागे. ते पुढे का, तर खड्डे तपासायला. अर्थात दोघं पायांनी चालत होते तेव्हाही निरीक्षक चार पावलं पुढेच असत. तेव्हा काय तपासत होते, ते मात्र त्यांना आता आठवत नव्हतं.

"तुमची पाठ मला तोंडपाठ झालीय," बायको म्हणाली. "कॉलरला कुठे दुहेरी शिवण आहे तेही सांगेन."

वजनमापे खात्यातल्या चौतीस वर्षांत निरीक्षकांच्या पाठीबद्दल एकही तक्रार आली नव्हती. ते दुखावले. पण बायकोचं बोलणं संपलं नव्हतं. तिच्या उजव्या अंगठ्यातली ताकद हळूहळू कमी होत चालली होती, आणि स्कूटरचा वेगाचा खटका त्याच अंगठ्याने दाबायचा असतो. हाताचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी गोड बोलून सांगितलं होतं की हे वर्ष जाईल, पुढच्याचं बघू.

"पुढच्या वर्षी मला ढकलावं लागेल," ती कपाला म्हणाली. "आणि ढकलणारा मागे असतो. शेजारी नसतो."

निरीक्षकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. समुद्रकाठच्या त्या गावात किनाऱ्याचा रस्ता गाड्यांना बंद आहे आणि चांगला ऐसपैस आहे, हे त्यांनाही माहीत होतं. प्रश्न फक्त हॉटेलचा होता. आणि हॉटेल निवडणं ही काय मोठी गोष्ट, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. माणसाच्या हातून होणाऱ्या मोठमोठ्या चुकांची सुरुवात याच वाक्याने होते.

त्यांनी फोन करायला सुरुवात केली. प्रत्येक हॉटेल म्हणायचं, हो हो, सगळी सोय आहे. सोय म्हणजे काय, असं विचारलं की कळायचं, दोन दांडगी माणसं आहेत, ती उचलून वर ठेवतात. बायकोने आधीच बजावलं होतं की तिला कोणीही उचलायचं नाही. ती गव्हाचं पोतं नव्हती. दुसरं हॉटेल म्हणालं, पायऱ्या अजिबात नाहीत, एक सोडून. निरीक्षकांनी शांतपणे समजावलं की चाकाच्या दृष्टीने एक पायरी आणि शंभर पायऱ्या यांत फरक नसतो. दोन्हींपुढे ते सारखंच थांबतं. पलीकडचा माणूस जरा विचार करून म्हणाला, "पण साहेब, एकच आहे." तिसऱ्या हॉटेलात लिफ्ट होती, पण एक मीटर बाय एक मीटर दहा. स्कूटरची लांबी एक मीटर वीस. निरीक्षकांनी कागद घेतला, कर्ण काढला, आणि स्कूटर तिरकी घातली तर मावेल असं विजयी मुद्रेने जाहीर केलं. बायकोने विचारलं, चालवणाऱ्याने पाय कर्णाच्या आत ठेवायचे की बाहेर. तो कागद फाटला.

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहत. त्यांना सगळे 'अनुभवी' म्हणत, कारण कुठल्याही गावाचं नाव काढलं की ते तिथे जाऊन, आजारी पडून, बरे होऊन परत आलेले असत. त्यांनी सल्ला दिला की समुद्राच्या जवळचं हॉटेल मुळीच घेऊ नका, खाऱ्या हवेने स्कूटरी गंजतील. आणि लांबचंही घेऊ नका, वाटेत बॅटरी संपेल. मध्यावर घ्यावं का, असं निरीक्षकांनी विचारलं, तर ते म्हणाले मध्यावर बाजार आहे, झोप लागणार नाही. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं वेगळं होतं. हॉटेलवाले फोटोत फक्त पुढचे दात दाखवतात, त्या म्हणाल्या. खरा बिघाड दाढांत असतो. दाढा म्हणजे न्हाणीघर. निरीक्षकांना हे पटलं, कारण त्यांनी पाहिलेल्या तेवीस फोटोंत बावीस पलंग होते आणि एक फुलदाणी.

जेवणानंतरच्या डुलकीत त्यांना दारं दिसू लागली. शांत, पांढरी, एकामागे एक दारं. जवळ गेलं की श्वास घेतल्यासारखी रुंद होणारी. उंबरा नावाचा प्रकारच नाही. जमीन कुठे संपते आणि चढ कुठे सुरू होतो ते कळत नाही, बारा सेंटिमीटर पुढे गेलं की एक सेंटिमीटर वर, अगदी नियमाप्रमाणे, आणि त्या चढावरून ते आणि राखाडी स्कूटर, आवाज न करता, निळ्या कशात तरी सरकत चाललेत. मागे बायको आहे की नाही ते बघायला वळावं, तर जाग यायची.

अशाच एका डुलकीतून उठून त्यांनी निर्णय घेतला की तोंडी चौकशी पुरे, लेखी विचारायचं.

इथे निरीक्षकांच्या लेखी भाषेबद्दल सांगायला हवं. त्यांना पत्र एकाच प्रकारे लिहिता येत असे. लग्न ठरल्यावर त्यांनी वाग्दत्त वधूला पाठवलेल्या पहिल्या पत्रातही वर 'विषय' होता, त्याखाली 'संदर्भ' होता, आणि शेवटी 'माहितीस्तव व पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव' होतं. तिने ती कार्यवाही केली, आणि भाषा कायम राहिली. आता त्यांनी अकरा हॉटेलांना एकच पत्र टंकलं:

'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार पुढील महिन्याच्या नऊ तारखेस आपल्या आस्थापनेत सपत्नीक उपस्थित राहू इच्छितात. सबब सोबतच्या तक्त्यातील एकेचाळीस बाबींची माहिती सात दिवसांत सादर करावी. प्रवेशद्वाराशी पायऱ्या असल्यास एकास बारा प्रमाणात चढ आवश्यक राहील. दारांची निव्वळ रुंदी दार उघडे ठेवून मोजावी. पलंगालगत दोन स्वतंत्र प्लग असावेत. पूर्ततेची खातरजमा प्रत्यक्ष मोजमापाने केली जाईल.' खाली सही, आणि सहीखाली अगदी प्रामाणिकपणे: 'सेवानिवृत्त निरीक्षक, वजने व मापे'.

बायकोने वाचलं आणि म्हणाली, जरा माणसासारखं लिहा. निरीक्षक म्हणाले, यात माणसासारखं काय नाही, 'सपत्नीक' लिहिलंय की.

अकरांपैकी सात हॉटेलांनी उत्तर दिलं नाही. एकाने कळवलं की मालक अनिश्चित काळासाठी परगावी आहेत. एकाने हॉटेल बंद पडल्याचं कळवलं, तेही हॉटेलच्याच कोऱ्या करकरीत कागदावर. एकाने न मागता लिफ्टचा दाखला पाठवला. अकरावं हॉटेल थेट किनाऱ्यावर होतं, आणि तिथल्या मॅनेजरने लिहिलं होतं: 'आपल्या पत्रातील सर्व बाबींची पूर्तता युद्धपातळीवर सुरू आहे. कृपया गैरसमज नसावा.'

निरीक्षकांनी ते पत्र तीनदा वाचलं. जगात अजून अशी माणसं आहेत, ते म्हणाले. बायकोने ते एकदाच वाचलं आणि विचारलं, गैरसमज कसला?

नऊ तारखेला एका टेम्पोवाल्याने दोन फळ्या लावून दोन्ही स्कूटरी गाडीत चढवल्या आणि दुपारी समुद्रकाठी उतरवल्या. निरीक्षकांनी वर बघितलं आणि क्षणभर त्यांना वाटलं, आपण अजून जेवणानंतरचे झोपलेलोच आहोत. पांढरी इमारत. तिच्या तीन पायऱ्यांवरून खाली आलेला पांढरा रॅम्प, बरोबर पाच मीटर चाळीस लांबीचा, रंगाचा वास अजून ताजा. मागे समुद्र, हलकेच वर-खाली होणारा, जणू कुणी झोपलेल्या माणसावरची चादर. निरीक्षक रॅम्पवरून वर गेले. चाकांखाली आवाज झाला नाही. दारावर छापील चिठ्ठी होती: 'निव्वळ रुंदी ८८ सें.मी., दार उघडे ठेवून.' पुढच्या दारावरही होती. लिफ्टवर लांबी, रुंदी, कर्ण. खोलीतल्या न्हाणीघराची चौकट काढून टाकून तिथे पडदा लावला होता, आणि पलंगालगतच्या दोन प्लगांवर 'प्लग क्रमांक एक' आणि 'प्लग क्रमांक दोन' अशा पाट्या होत्या. निरीक्षकांनी खिशातला टेप काढला, मोजलं आणि परत ठेवला. सगळं बरोबर होतं. मोजलेलं जग इतकं मऊ असतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

बायकोने दोन्ही चार्जर लावले आणि स्कूटर खिडकीशी नेली. खाली किनाऱ्याचा रस्ता दिसत होता. लांबलचक, मोकळा, मधोमध खांब नसलेला.

तेवढ्यात दार वाजलं. मॅनेजर आत आला. शिडशिडीत माणूस, खिशाला चार पेनं, डोळ्यांखाली काळं. त्याच्या मागे एक ट्रे आला. त्यावर रुमालाखाली काहीतरी झाकलेलं, आणि एक फाईल. साहेबांना प्रवासात त्रास झाला नाही ना, असं त्याने विचारलं. मग रुमाल काढला. ट्रेवर पितळी वजनांचा संच, स्वयंपाकघरातला काटा आणि दुधाची तीन मापं मांडली होती.

"साहेब, हे आधी बघता की चहा घेता?"

हा प्रश्न निरीक्षकांनी चौतीस वर्षं ऐकला होता. याच शब्दांत, याच आवाजात, दुकानांत, गिरण्यांत, पेट्रोलपंपांवर. उत्तरही नेहमीचंच होतं: आधी काटा, आणि चहा नाही. त्यांच्या तोंडून तेच बाहेर पडलं. मॅनेजर ट्रे ठेवून, पाठ न दाखवता, मागे-मागे चालत निघून गेला.

"अगं," निरीक्षक म्हणाले, "यांना वाटतंय मी तपासणीला आलोय."

"मला रॅम्प बघितल्यावरच वाटलं होतं," बायको खिडकीकडून न वळता म्हणाली. "पाहुण्यांसाठी इतकं कोणी करत नाही."

पण पत्रात 'सेवानिवृत्त' लिहिलं होतं, निरीक्षक म्हणाले. हल्ली खाती निवृत्तांनाच परत बोलावतात, बायको म्हणाली; आणि तुम्ही मोजमापाने खातरजमा करणार होतात. मग 'सपत्नीक' कशाला लिहीन मी? तिला त्याचंही उत्तर ठाऊक होतं. त्यांना वाटलं असेल, हा नवीन डाव आहे, बायको आणली की कोणाला संशय येत नाही.

निरीक्षक पलंगाच्या कडेला बसले. या माणसाने कधी कोणाचा चहा घेतला नव्हता. दुकानदाराने पुढे केलेली लवंगसुद्धा त्यांनी नाकारली होती. आणि आता त्यांनी, नीट बघितलं तर, एक रॅम्प घेतला होता. पाच मीटर चाळीसचा. शिवाय एक न्हाणीघर आणि दोन प्लग.

"चल," ते म्हणाले. "निघू या. हे मला अधिकारी समजून केलंय. त्यावरून ये-जा करणं म्हणजे घेणंच झालं."

बायकोने स्कूटर वळवली. तिला वळायला एक मीटर वीस लागले, आणि तेवढी जागा खोलीत नेमकी होती. काही मागताना ती पहिल्यांदाच कपात न बघता बोलत होती.

"बाजारात तुम्ही मला दुकानाच्या बाहेर उन्हात उभं करायचात. का, तर मालक खुर्ची देईल. मी उभी राहिले. शाळेत पोरीला वजनमापेवाल्याची पोर म्हणून पुढचा बाक दिला, तर तुम्ही जाऊन तिला मागे बसवून आलात. मी काही बोलले नाही. तुमच्या मागून चालले, तशीच तुमच्या प्रामाणिकपणाच्याही मागून चालले. पण आता माझ्याकडे एक अंगठा आणि एक वर्ष आहे. खाली जा आणि त्या माणसाला खरं ते सांगा. त्याने हाकललं तर बघू. पण त्याच्या आधीच तुम्ही पळून जाणार असाल तर एकटे जा. मी चार्जर लावलेत."

निरीक्षक लिफ्टने खाली गेले. लिफ्टमध्ये त्यांच्या स्कूटरला कर्णाची गरज पडली नाही, आणि याचं त्यांना वाईट वाटलं.

मॅनेजर त्याच्या टेबलाशी फाईली लावत होता. शेजारी स्वयंपाकीणबाई हात पुसत उभ्या होत्या. निरीक्षकांनी घसा साफ केला. माणसासारखं बोलावं असं त्यांनी लिफ्टमध्ये ठरवलं होतं, पण आयत्या वेळी जे यायचं तेच आलं: निम्नस्वाक्षरीकार सहा वर्षांपूर्वी सेवानिवृत्त झाले असून कोणत्याही तपासणीसाठी आलेले नाहीत, पत्राच्या भाषेमुळे झालेल्या गैरसमजाची जबाबदारी सर्वस्वी त्यांची आहे, आपण म्हणाल तर आत्ता खोली रिकामी करण्यात येईल. मग ते म्हणाले, "आम्ही नुसते फिरायला आलोय हो."

मॅनेजर हळूच खुर्चीत बसला.

"म्हणजे तपासणी नाही?"

"नाही."

"कोणीच येणार नाहीये?"

"माझ्या माहितीप्रमाणे नाही."

मॅनेजरच्या चेहऱ्यावरून एकामागून एक बरंच काही गेलं. आधी सुटका, मग संशय, मग गेल्या सगळ्या दिवसांची झोप, आणि शेवटी राग. तो म्हणाला, काका, मी त्या न्हाणीघराची चौकट स्वतः उचकटून काढलीय, माझी पाठ धरलीय. माझ्या सासऱ्यांचा वाढदिवस सोडून मी दारं मोजत बसलो. तो रॅम्प मी उद्याच्या उद्या उखडतो.

साहेबांचे काका झालेले निरीक्षकांच्या लक्षात आलं. ते त्यांना लागलं. पण त्याहून जास्त त्यांना हलकं वाटलं, का ते त्यांना सांगता आलं नसतं.

"उखडा की," स्वयंपाकीणबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नव्हता. "बावीस वर्षं मी त्या तीन पायऱ्यांवरून सिलिंडर चढवतेय. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा लोळवत आणला. धोबी तर रॅम्पवरून गाडी घेऊन विनाकारण दोनदा वर-खाली गेला. उखडा, आणि परवापासून नाश्त्याला तुम्हीच उभे राहा."

मॅनेजरने रॅम्पकडे बघितलं. मग म्हणाला, रंग ओला आहे तोवर असू दे.

ट्रे निरीक्षकांनी येताना मांडीवर ठेवून परत आणला होता आणि तो टेबलावरच होता, म्हणून सवयीने निरीक्षकांनी काटा ओढला आणि पितळी वजनं ठेवून बघितली. वीस ग्रॅम कमी दाखवतोय, ते म्हणाले. म्हणजे तुम्ही रोज पाहुण्यांना प्रत्येक वजनामागे जास्त देताय. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, तरीच. आणि निरीक्षकांसमोर एक कप आदळला.

निरीक्षक कपाकडे बघत राहिले. नाही म्हणायला काही कारण उरलं नव्हतं. ते कोणीच नव्हते. त्यांनी चहा घेतला. जरा गोड होता, आणि त्यांनी तो शेवटपर्यंत प्यायला.

ऊन कलल्यावर दोघं खाली आले. रॅम्पवरून एका वेळी एकच उतरू शकत होतं. निरीक्षक सवयीने पुढे सरकले, थांबले, आणि दांडा बाजूला वळवून त्यांनी वाट दिली. लाल स्कूटर आधी उतरली.

किनाऱ्याच्या रस्त्यावर प्रकाश पातळ आणि पिवळा होता, आणि समुद्र त्यात विरघळल्यासारखा. लोक लांबून फिरताना दिसत होते. जवळ आले की माणसं व्हायची, पुढे गेली की पुन्हा रेषा. निरीक्षकांनी राखाडी स्कूटर लालशेजारी आणली. शेजारी राहणं सोपं नव्हतं. दोन्ही स्कूटरींवर वेगाचा आकडा सारखाच ठेवला, तरी तिची थोडी मागे पडायची. अंगठा मधेच सैल व्हायचा. निरीक्षक आकडा कमी करत, मग ती पुढे जायची. आकड्याकडे बघून जमत नव्हतं. शेवटी ते तिच्याकडे बघून चालवू लागले, आणि मग जमलं. तिच्या कानाजवळ एक तीळ होता. तो तिथे कधीपासून आहे, असं विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं, आणि त्यांनी विचारलं नाही.

"काय बघताय?" बायको म्हणाली.

"खड्डे," निरीक्षक म्हणाले.

मागून झपझप चालणारा एक माणूस आला. मनगटावर पावलं मोजायचं घड्याळ, चेहऱ्यावर घाई. "अहो आजोबा, जरा एकामागे एक चला ना," तो म्हणाला. "लोकांना जायला नको का?"

बायकोचा अंगठा खटक्यावरून सुटला आणि लाल स्कूटर मंदावली. मागे राहण्याची सवय तिच्याही हातात होती. निरीक्षकही थांबले, बरोबर तिच्या शेजारी, आणि मान न वळवता म्हणाले, "बाजूने जा. पुष्कळ जागा आहे."

तो माणूस कुरकुरत बाजूने गेला आणि थोड्या अंतरावर रेष झाला.

"मोजलीत?" बायकोने विचारलं.

"नाही," निरीक्षक म्हणाले, आणि तिचा अंगठा पुन्हा खटक्यावर येईपर्यंत वाट बघत राहिले.